रेडिओ तात आणि माझं हसणं

समोरच्यानं बिस्किटाचा पुडा उघडायला घेतला की आमचे घरमालक बोलायचे थांबत. कागदाची करकर संपेपर्यंत थांबत, आणि मग अख्खं वाक्य पहिल्या शब्दापासून पुन्हा म्हणत. काकूंना काही महत्त्वाचं सांगायचं असलं तर आधी म्हणत, "बांगड्या वर कर." काकू बांगड्या कोपरापर्यंत सरकवून हात तसाच धरून ठेवायच्या. उसळ जास्त तिखट झाली एवढंच सांगायचं असलं तरी.

म्हैसूरच्या विजयनगरात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी सहा वर्षं राहिलो. नाशिकहून नोकरीसाठी आलो होतो, एकटा होतो, आणि मराठी बोलणारे घरमालक मिळाले म्हणून आईला बरं वाटलं होतं. काकांचं घराणं कित्येक पिढ्या म्हैसुरातलं. घरात मराठीच बोलत, पण ती मराठी अशी, की पहिल्या दिवशी मला हसू दाबावं लागलं. "मी कॉफी पिलो, मी पेपर वाचलो, आता तू काय केलास ते सांग नोडु." नोडु म्हणजे बघ. वाक्य मराठीत निघायचं, मध्येच कानडीत शिरायचं आणि शेवटी "अल्वा?" म्हणून माझ्याकडे बघत थांबायचं. म्हणजे, हो की नाही?

गल्लीत त्यांना सगळे 'रेडिओ तात' म्हणत. तात म्हणजे आजोबा. ते रेडिओवर निवेदक होते हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं, पण निवेदक म्हणजे काय ते कळायला फार वेळ लागला. गावात एकच रेडिओ आणि तोही चावडीवर, अशा काळात त्यांनी नोकरी धरली आणि सत्तावीस वर्षं संध्याकाळचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम कानडीतून केला. सुरुवात एकाच वाक्यानं. "केलस मुगीता?" काम उरकलं का? कागदावर 'श्रोतेहो, नमस्कार' असं लिहून येत असे. काकांनी एकदा स्वतःच्या मनानं हे विचारलं, वरच्यांनी खुलासा मागितला, आणि खुलासा लिहून होईपर्यंत गावागावांतून कार्डं आली होती, की हा प्रश्न बंद करू नका. काकू सांगायच्या, बन्नूरकडच्या खेड्यांत बायका चुलीपुढून ओरडून उत्तर द्यायच्या, "मुगीतु!" उरकलं!

या माणसानं जन्मात शेत केलेलं नव्हतं. त्यांच्या हातचं मनीप्लँटसुद्धा जगत नसे. कुंडीत काही सुकलं की काकू म्हणायच्या, "अर्ध्या जिल्ह्याला भात लावायला शिकवले हे." काका शांतपणे उत्तर द्यायचे, "मी शिकवलो नाही. लिहून आलेलं नीट वाचलो."

ते कधीही समोरासमोर बसून बोलत नसत. किंचित तिरके बसत, तोंड तुमच्या कानाच्या बाजूला. समोरून बोललं की 'प' आणि 'फ' माइकमध्ये फुटतात, ती सवय. खोकला आला तर उठून अंगणात जात, खोकून परत येत आणि "क्षमा असावी" म्हणून पुढे सुरू करत. पेपरचं पान असं उलटत की आवाज येऊ नये. मी एकदा विचारलं, "काका, इतक्या हजार लोकांशी बोलताना भीती नाही वाटायची?" म्हणाले, "हजार कुठले? त्या बाजूला एकच माणूस असतोय. त्याच्या हातात काही काम असतंय. तो काम थांबवून ऐकला पाहिजे, एवढंच."

हे सगळं मला तेव्हा थोर वाटत नव्हतं, गमतीचं वाटत होतं. शनिवारी आमचा मराठी मंडळींचा जमाव असे, बहुतेक सगळे माझ्यासारखे अलीकडे आलेले. तिथे काकांची नक्कल हा माझा हुकमी विषय होता. तिरका बसून मी "मी कॉफी पिलो, अल्वा?" म्हणालो की लोक पोट धरून हसत. मी चांगली नक्कल करतो. हे मी अजूनही अभिमानानं लिहू शकतो, याचीच लाज वाटते.

माझ्या तिथल्या चौथ्या वर्षी काकांना अर्धांगाचा झटका आला. हात-पाय महिन्याभरात सुधारले, पण जीभ जड झाली. डॉक्टरांनी सांगितलं, रोज तासभर मोठ्यानं वाचायचं. जितकं बोलाल तितकं परत येईल, गप्प बसलात तर आहे तेही जाईल.

काकांनी ते ड्युटीसारखं घेतलं. सकाळी बरोबर आठला आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून मागच्या अंगणात खुर्ची टाकत. कालचा पेपर मांडीवर. आधी सुरुवातीचं वाक्य म्हणायचं आणि मग बातम्या वाचायच्या, असा त्यांनी नियम केला होता. 'केलस' कसंबसं निघायचं. 'मुगीता' मात्र अडायचं. "मु… मु… मु…" डोळे मिटून, मान पुढे काढून, पंधरा-वीस वेळा. शब्द पुरा झाल्याशिवाय ते पेपरला हात लावत नसत. कधी कधी तास तिथेच संपायचा.

माझी खिडकी बरोबर त्यांच्या डोक्यावर होती. एका सकाळी मी चहाचा कप कठड्यावर ठेवला आणि फोनवर ते टिपून घेतलं. चाळीस सेकंद असेल. शेवटी मला हसू आवरलं नाही, तेही त्यात आलं. मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, "आमच्याकडे दूध घरचंच असतं."

एखादा विनोद आपल्याला इतका पटकन सुचतो, की तो आपल्या मनात आधीपासूनच तयार होता की काय, अशी शंका यावी. मला तेव्हा आली नाही. दिवसभर हसऱ्या तोंडांच्या खुणा येत राहिल्या, मी त्या मोजल्या नाहीत एवढंच. कुणीतरी ते पुढे पाठवलं. कुणीतरी माझं वाक्य कानडीत करून वर चिकटवलं. कुणीतरी मागे गाईच्या गळ्यातली घंटा जोडली. आठवड्यानं ते ऑफिसातल्या एका मुलीनं मलाच दाखवलं. हे कोण आहेत ते तिला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "भारी आहे."

त्यानंतरच्या रविवारी सकाळी काकूंनी खालून हाक मारली. "अरे, खाली ये. बन्नूरकडनं लोक आलेत, तुझ्याकडनं फोटो काढून पाहिजे."

पुढच्या खोलीत एक म्हातारा शेतकरी बसला होता, काकांच्याच वयाचा, खांद्यावर टॉवेल. बरोबर त्याची सून. पायाशी उसाच्या चार कांड्या आणि पिशवीभर नवे तांदूळ. काका खुर्चीत होते, धुतलेल्या शर्टात.

सून सांगत होती. फोनवर कुणाकडून तरी ते आलं. तिची मुलं हसत होती. आवाज ऐकून सासरे ओट्यावरून उठून आत आले आणि म्हणाले, परत लाव. तीनदा लावायला लावलं. मग म्हणाले, हा आपला माणूस आहे. याला काहीतरी झालंय. खाली कुणीतरी विजयनगर असं लिहिलं होतं, तेवढ्यावर सासऱ्यांनी बस पकडायला लावली. विजयनगरात उतरून पहिल्याच दुकानात विचारलं, तर दुकानदारानं बोटानं घर दाखवलं.

म्हातारा काकांचा हात हातात घेऊन बसला होता. माझ्याकडे वळून म्हणाला, "यांनी आमची भाताची रोपं जाळली होती, माहीत आहे?" आणि दात नसलेलं तोंड उघडून हसला.

गोष्ट त्यानंच सांगितली. काका एका संध्याकाळी कीड मारायचं औषध कसं मिसळायचं ते वाचत होते. कागदावर होतं दहा लिटर पाण्याला दोन चमचे. काकांनी वाचलं दोन लिटरला दहा चमचे. या माणसानं पहाटे उठून तसं फवारलं. दुपारपर्यंत रोपं करपली. संध्याकाळी तो गावच्या रेडिओसमोर शिव्या द्यायच्या तयारीनं बसला, तर पलीकडून नेहमीचा प्रश्न आलाच नाही. आवाज म्हणाला, काल मी चुकीचं वाचलं. लिहिणाऱ्यानं बरोबर लिहिलं होतं. चूक माझी आहे. आणि त्यानं स्वतःचं नाव सांगितलं.

"तोपर्यंत नाव आम्हाला कुणाला माहीत नव्हतं," म्हातारा म्हणाला. "नुसता आवाज होता. शिव्या द्यायला नाव मिळालं, आणि शिव्या देता येईनात."

तिसऱ्या दिवशी काका बसनं त्यांच्या गावी गेले. त्या आठवड्यात त्यांनी तशी अकरा गावं केली, कुणाचं नुकसान झालंय का विचारत. याच्या बांधावर चपला काढून उभे राहिले. यानं उरलेली रोपं दाखवली. मग याच्या बायकोनं जेवायला वाढलं.

काका हे ऐकताना मान खाली घालून बसले होते. पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले.

मग ते सुनेला म्हणाले, "मला… ऐकव."

काकू घाईनं म्हणाल्या, "कशाला ते, सुम्ने." उगाच. पण सुनेनं फोन पुढे केला होता. काकांनी तो पाहिला नाही, कानाला लावला आणि डोळे मिटले. खोलीत त्यांचाच आवाज आला. मु… मु… मु… मागून घंटा. आणि शेवटी माझं हसणं.

मी दाराशी उभा होतो. पळून जाणं शक्य होतं, तेवढंच मला सुचत होतं.

काकांनी डोळे उघडले. ज्या माणसानं सत्तावीस वर्षं स्टुडिओत आलेल्या शेतकऱ्यांच्या श्वासावरून कोण बोलायला आतुर आहे आणि कोण घाबरलंय ते ओळखलं, त्याला एक मजला वर राहणाऱ्याचं हसणं ओळखायला काय लागतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हाताऱ्याकडे वळून कानडीत, एकेक शब्द उचलून ठेवत म्हणाले, "हा… वरचा मुलगा. यानं… काढलं. म्हणून… तुम्ही आलात."

म्हातारा उठला. त्यानं माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. म्हणाला, "तू नसतास तर आम्हाला कळलं नसतं, बाबा." सुनेनं उसाची एक कांडी माझ्या हातात दिली. काकू माझ्याकडे बघत हसत होत्या, डोळ्यांत पाणी. आणि मी, ज्याला सगळं बोलता येत होतं, तो "त्यात काय एवढं" म्हणालो.

सोमवारी आठ वाजता अंगणात खुर्ची आली नाही. मंगळवारीही नाही.

काकूंना वाटलं थकले असतील. मग वाटलं रुसले असतील. आठवड्यानं त्या काळजीत पडल्या, कारण काका घरातही बोलेनासे झाले होते. पाणी हवं असेल तर पेल्याकडे बोट करत. दीड महिन्यात डॉक्टरांनी जे सांगितलं होतं ते दिसायला लागलं. 'केलस'सुद्धा निघेना. काकू जिन्यात मला गाठून म्हणाल्या, "तू तरी सांग त्यांना. तुझ्यावर जीव आहे त्यांचा. त्या दिवशी सगळ्यांसमोर तुझं नाव सांगितले, अल्वा?"

मी तीनदा खाली गेलो. एकदा पाण्याच्या मोटरबद्दल बोलून आलो, एकदा पावतीचं पुस्तक मागून आलो, एकदा नुसताच बसून आलो. चौथ्यांदा काकू भाजीला गेल्याचं पाहून गेलो आणि बसायच्या आत बोलून टाकलं. तो व्हिडिओ मी हसण्यासाठी काढला होता. तुम्ही आजारी आहात हे कुणाला कळावं म्हणून नव्हे. खाली लिहिलं ते मी लिहिलं होतं. काय लिहिलं तेही सांगितलं.

काका तिरके बसले होते, तोंड माझ्या कानाच्या बाजूला. एकेक शब्द ओढत म्हणाले, "हसणं… तुझं. माहीत होतं."

"मग त्या दिवशी त्यांच्यासमोर तसं का म्हणालात?"

"पाहुणे… आले होते."

मी पाया पडायला वाकलो. त्यांनी हात आडवा धरला आणि मान हलवली.

"मला… सांगून काय? मी… तिथे नव्हतो. जे ऐकले… त्यांना सांग." श्वास घेतला. "नाव… घालून."

एवढंच काम होतं. त्यासाठी अकरा गावं फिरायची नव्हती. ग्रुपवर चार ओळी लिहायच्या होत्या. हे आमचे घरमालक आहेत, ते आजारी आहेत, बोलायचा सराव करत होते, मी त्यांची टिंगल केली, माझं चुकलं. मी त्या ओळी त्याच दिवशी लिहिल्या. बोट बटणावर ठेवलं आणि शनिवार डोळ्यांसमोर आला. ते सगळे चेहरे, आणि मी आत शिरताच पडणारी शांतता. मी ओळी पुसल्या. पुढच्या दिवशी पुन्हा लिहिल्या, जरा सौम्य करून. मग आणखी सौम्य. शेवटी त्यात माझी चूक कुठली ते सापडेना, तेव्हा तेही पुसलं.

पाचव्या दिवशी ऑफिसला निघताना काका फाटकाशी उभे होते. माझीच वाट बघत असावेत.

"सांगितलास?"

"हो," मी म्हणालो.

"नाव घालून?"

"हो, काका."

"काय… म्हणाले?"

"फारसं कुणी काही बोललं नाही."

त्यांनी समजल्यासारखी मान हलवली. "नाहीत… बोलत. मलाही… एकच कार्ड आलं होतं." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. झटक्यातून वाचलेला हात. तो खांद्यावर होता तेवढा वेळ मला वाटत होतं, की आता ऑफिसला पोचलो की लगेच पाठवतो, म्हणजे हे खोटं खरंच होईल, फक्त एक तास उशिरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला खालून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

ते पुढे सात महिने रोज वाचत होते. मी खिडकी बंद करून घ्यायचो, तरी ऐकू यायचं. तिसऱ्या महिन्यात 'मुगीता' पुरा निघाला. काकूंनी स्वयंपाकघरातून ओरडून उत्तर दिलं. पाचव्या महिन्यात ते बातमीचं अख्खं वाक्य न थांबता वाचत. बन्नूरचा म्हातारा आणखी दोनदा येऊन गेला. एकदा काका आणि तो गाडी करून कावेरीकाठी तलकाडला गेले, वाळूतून थोडं चालले, आणि परतल्यावर काकांनी मला त्या प्रवासाची हकिगत पंधरा मिनिटं सांगितली, जवळजवळ पूर्वीच्यासारखी. मला त्यातलं काही आठवत नाही. मी मान हलवत होतो आणि विचार करत होतो, आता इतक्या महिन्यांनी पाठवलं तर लोक विचारतील की आजच का.

गेल्या माघात ते गेले. झोपेत, शांतपणे. बातमी ग्रुपवर कुणीतरी टाकली. थोड्या वेळानं दुसऱ्या कुणीतरी तोच व्हिडिओ पुन्हा टाकला, घंटेशिवाय, माझ्या वाक्याशिवाय, आणि खाली लिहिलं, 'शेवटपर्यंत साधना. असा आवाज पुन्हा होणे नाही.' हात जोडल्याच्या खुणांची रांग लागली. एकानं माझं नाव घेऊन विचारलं, हे तूच टिपलं होतंस ना? नशीबवान आहेस. मी हात जोडल्याची खूण पाठवली.

तेराव्याला माणसं जेवून गेल्यावर काकू मागच्या अंगणात बसल्या होत्या. मी भांडी आत नेत होतो. मला थांबवून म्हणाल्या, "बस स्वल्प. तुला एक सांगायचं राहिलंय."

मी बसलो. त्यांनी सवयीनं बांगड्या वर सरकवायला हात नेला आणि मोकळ्या मनगटावर तसाच ठेवला.

"जायच्या चार दिवस आधी मला सगळं सांगितले. तो व्हिडिओ, तू काय लिहिला होतास, सगळं. मला राग आला, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, याला वर कशाला ठेवलात? तर म्हणाले, अगं, मी चूक सांगितलो ती बंद खोलीत बसून, काचेच्या मागनं. ऐकणारा एकही मला दिसत नव्हता. हा मुलगा दर शनिवारी ज्यांच्यात बसतोय त्यांना सांगितला. नाव घालून. हे माझ्यापेक्षा अवघड आहे. मला जमलं नसतं म्हणाले."

काकूंनी डोळे पुसले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "म्हणून मग मीही राग सोडले."

मी मान हलवली. आत कुणीतरी काकूंना हाक मारत होतं. "आले," म्हणून त्या उठल्या आणि जाताना कॉफीचा पेला माझ्यापुढे सरकवून गेल्या, आणि मी तो घेतला.